विमानमार्गाचे अंतर व प्रवासाचा वेळ

लासूर स्टेशनहून मुंबईस जाणारी आगगाडी प्रथम वायव्येस मनमाडकडे जाते व तेथून नैर्ऋत्येस वळते. या वळणामुळे छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे ३७५ किलोमीटर भरते. चिकलठाणा विमानतळ ते मुंबई विमानतळ हे हवाई अंतर मात्र सुमारे २८० किलोमीटरच आहे. मुलांच्या परिचयाच्या या उदाहरणापासून पाठास आरंभ करावा.

चिकलठाणा ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ९८० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरल्यास उत्तर सुमारे सव्वा तास येते. वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. येथे मुलाचा गणितावरील विश्वास डळमळण्याचा संभव असतो. गणित चुकलेले नसते. वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे व आखून दिलेल्या मार्गाने वळसा घेणे यांचा वेळ त्यात मिळविलेला असतो.

मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग दिसेल. तोच मार्ग भिंतीवरील सपाट नकाशावर उतरविल्यास उत्तरेकडे वाकलेला दिसतो.

आता घड्याळाचा विचार करावा. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करीत असल्याने हा फरक साडेचार तासांवर येतो. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघाले व लंडनला तेथील सायंकाळी ५॥ वाजता पोहोचले. घड्याळांतील अंतर साडेचार तासांचे दिसते; त्यात साडेपाच तास मिळविले म्हणजे प्रवास १० तासांचा झाला, हे कळते. परतीच्या प्रवासास बहुधा कमी वेळ लागतो. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे विमानास साहाय्य करतात.

रेखांश व वेळ यांचा संबंध पटविण्यास विमानतळावर जाण्याची आवश्यकता नाही. लासूर सुमारे ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सुमारे साडेसात अंश पश्चिमेस. शाळेच्या पटांगणात सरळ काठी रोवावी व दुपारी १२ ते १ पर्यंत दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करवावी. सर्वांत आखूड सावली १२ वाजता न पडता सरासरीने साडेबाराच्या सुमारास पडते. ऋतुमानाप्रमाणे या वेळेत सुमारे पाव तासापर्यंत फरक पडतो. यास्तव हा प्रयोग वर्षातून तीन-चार वेळा करून नोंदी वर्गात लावाव्यात.