दुर्बिणीचे शेजारी

पुणे-नाशिक महामार्गावरचे नारायणगाव लोकांना माहीत आहे ते टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी. गावातून पूर्वेला फुटणाऱ्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की उसा-कांद्याच्या शिवारात मधूनच अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. हे खोडद. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ती इथली. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या रांगांमध्ये, शेजारच्या गावांच्या रानात. सगळ्या मिळून पंचवीसेक किलोमीटरचा पसारा.

या पट्ट्यात नवल एवढ्यावर संपत नाही. खोडदपासून जवळच आर्वी आहे. तिथले विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले आणि परदेशी लावलेले फोन उपग्रहामार्फत जाऊ लागले. आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात १९८३ पासून विज्ञान आश्रम चालतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके. शेती, दूध, ऊस आणि बिबटे यांच्या या मुलखात जगभरचे शास्त्रज्ञ येऊन जातात. पण दुर्बिणीच्या कुंपणाला लागून ज्यांची शाळा आहे, त्या मुलांच्या वाट्याला यातले काय येते?

हा प्रश्न नुसता कौतुकाचा नाही, त्याला हिशेबाची बाजू आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी या दुर्बिणीसाठी खोडद निवडले, कारण इथे रेडिओ गोंगाट कमी होता. आजूबाजूचे डोंगर शहरी लहरी अडवत होते, जागा पुण्यापासून फार लांब नव्हती आणि या अक्षांशावरून उत्तरेबरोबर दक्षिणेचेही बरेचसे आकाश दिसते. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात की चंद्रावर चालू ठेवलेला एखादा मोबाइलही त्यांच्यापुढे ठळक ठरावा. म्हणून परिसरात शांतता राखावी लागते, आणि या शांततेची किंमत गावे मोजतात. दुर्बिणीभोवतीच्या टापूत उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग दुर्बिणीला बाधा आणेल म्हणून रेल्वेने दुसऱ्या मार्गाचा विचार सुरू केला, तेव्हा जुन्नर-आंबेगावात नाराजी उमटली. ती चुकीची म्हणता येणार नाही. कारखाना नाही, रेल्वेही बाजूने जाणार, मग निदान शाळा-कॉलेजांच्या दारात तरी दुर्बिणीने काही आणून टाकावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

काही तरी येते, हे खरे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडदचे फाटक सर्वांसाठी उघडते. एसटीने, शाळेच्या गाड्यांनी, पिकअपमध्ये बसून हजारो मुले येतात. मांडवात शाळा-कॉलेजांचे प्रकल्प टेबलांवर मांडलेले असतात. रमण परिणामाची १९२८ सालची गोष्ट फलकावर असतेच. एरवीही शुक्रवारी पूर्वपरवानगीने ही दुर्बीण पाहता येते. मात्र फोन बंद ठेवावा लागतो, आणि आजच्या मुलांना विज्ञानाचा पहिला धडा बहुधा तिथेच मिळतो.

दुसरा धडा मान वर केल्यावर. एवढी मोठी तबकडी, पण तिच्यातून पलीकडचे आकाश आरपार दिसते. ती पत्र्याची नाहीच. पोलादी दोरखंड ताणून त्यावर बारीक स्टेनलेस तारेची जाळी बसवली आहे. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, आणि जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. लहरीला ही जाळी सलग आरशासारखी वाटते, वारा मात्र सरळ निघून जातो. वाऱ्याचा जोर कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. परवलय, तरंगलांबी, बल आणि अर्थशास्त्र असे चार विषय एका तबकडीत आहेत, आणि तेही रानात उभे राहून शिकता येतात. नववीच्या पुस्तकातले गोल आरशाचे प्रकरण शिकवताना जवळपासचे किती शिक्षक वर्ग इथे घेऊन येतात, हे विचारण्याजोगे आहे.

स्वरूप यांची स्वतःची सुरुवातही मोडक्या-तोडक्यातून झाली होती. १९६५ साली त्यांच्या गटाने कल्याणला रेडिओ दुर्बीण उभी केली, ती ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या, तिथे काम संपलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्यांची. घरावरची जुनी डीटीएच तबकडी आणि शंभर-दोनशे रुपयांचा उपग्रह शोधक जोडून सूर्याच्या रेडिओ लहरी टिपणारी मुले त्याच घराण्यातली. कॉलेजच्या पातळीवर पत्र्याचा कर्णा बनवून आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्झचा संकेतही टिपता येतो.

प्रदर्शनांबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलायला हवे. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, थर्माकोलची स्मार्ट सिटी ही मंडळी राज्यातल्या कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात हमखास भेटतात. त्यांना बक्षिसेही मिळतात. हात चालतात, हे खरेच. पण त्यात प्रश्न कुठे असतो? खोडदच्या आसपास प्रश्नांना तोटा नाही. वीजवाहिनीच्या सैल जोडातून, तडकलेल्या चिमणीतून ठिणग्या उडतात आणि त्या थेट दुर्बिणीच्या कामात खरखर आणतात. अशा जागा शोधून दुरुस्त करून घेणे हे तिथल्या अभियंत्यांचे नेहमीचे काम आहे. साधा एएम रेडिओ घेऊन तारेखालून चालत गेले तरी खरखर कुठे वाढते ते कानाला कळते. आठवीतल्या मुलांनी गावाचा असा नकाशा काढला, तर तो महावितरणच्याही उपयोगाचा आणि शास्त्रज्ञांच्याही. उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते त्या तालुक्यात शेतकऱ्याला रात्रीचे पाणी सुरक्षितपणे कसे देता येईल, हा प्रश्नही थर्माकोलच्या शहरापेक्षा कितीतरी मोलाचा.

नेमके इथेच पाबळ वेगळे पडते. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर होते. ते सोडून ते पत्नी मीराताईंसह पाबळला आले. दुष्काळी, धड रस्ता नसलेले गाव त्यांनी मुद्दाम निवडले. इथे जे जमेल ते कुठेही जमेल, हा हिशेब. शाळा सोडलेल्या, दहावीला गचकलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया शिकवायला घेतले. हाताने काम करताना मूल विचार करते आणि तोच शिक्षणाचा स्वाभाविक मार्ग, ही त्यांची धारणा होती. ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी वर्षभराचा अभ्यासक्रम त्यातूनच उभा राहिला.

आश्रमाने केलेल्या गोष्टी गावच्या गरजेतून आलेल्या. जमिनीखाली पाणी आहे का, हे विद्युतरोधावरून अजमावणारे यंत्र तिथे तयार झाले आणि शिकलेली मुले विहिरीच्या जागा तपासून देऊ लागली. कमी साहित्यात उभे राहणारे त्रिकोणी जाळीचे घुमट ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर आकृती काढून हवा तो भाग कापून, घडवून देणारी ही कार्यशाळा; एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. तिथे काय करायचे, तर दुधाची प्रत तपासणारी उपकरणे आणि डिझेल इंजिनाचे टायमिंग नीट लावायची साधने. डेअरीत फॅटवरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दुधाच्या यंत्रामागची निकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या कामाची शालेय आवृत्तीही आहे. मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करतात. गावातलाच कारागीर कधी शिक्षक होतो आणि शाळा गावाला छोट्या-मोठ्या सेवा पुरवते. मुली वेल्डिंग करतात, मुले भाकऱ्या थापतात. राज्याच्या परीक्षा मंडळाने हा विषय मान्य केला आणि तो पाबळबाहेर अनेक शाळांत पोचला. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू राहिले. पण कुठल्याही शाळेत जाऊन पालकांना विचारा, त्यांना हवे असते ते डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचे पदक. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने सहावी आणि नववीसाठी सुरू केलेली ही परीक्षा चांगली आहे, त्यात प्रात्यक्षिक आहे, कृती-संशोधन आहे. अडचण एवढीच, की तिच्याभोवती क्लासचे जाळे उभे राहिले आहे, आणि ते पुणे-मुंबईत घट्ट आणि जुन्नरच्या आदिवासी पश्चिम भागात जवळजवळ नाहीच.

सरकारी वाटा आहेत. केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळा मुलांच्या कल्पना पाठवते आणि निवडलेल्या कल्पनेसाठी मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. यात शाळेने वेळेत नोंदणी केली की नाही, यावर सगळे अवलंबून. गुणवत्तेइतकाच मुख्याध्यापकांचा उत्साह मोलाचा ठरतो, हे कुणी कागदावर लिहीत नाही एवढेच. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आपल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी आयुकाच्या मदतीने निवड चाचण्या घेतल्या आणि २५ जणांना अमेरिकेत नासा, ५० जणांना इस्रो दाखवायचे ठरवले. त्यावर उधळपट्टीचा शेरा मारणारेही भेटतील. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल विमानातून नासाला जाते, ही गोष्ट बाकीच्या हजारो मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या डोक्यात जे करते, ते पैशात मोजणे अवघड. त्याच सुमारास खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. पटावर मोजकीच मुले उरलेली ही शाळा गावाने आणि शिक्षकांनी पुन्हा उभी केली. तिथे मुलेच ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात.

पुण्यात पोचलेल्या मुलासाठी दारे बरीच आहेत. आयुकात शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्याने होतात, उन्हाळ्यात शास्त्रज्ञांबरोबर छोटे प्रकल्प करता येतात. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेली आहे. अरविंद गुप्तांनी टाकाऊ काडेपेट्या आणि सायकलच्या ट्यूबपासून बनवलेली खेळणी तिथूनच देशभर गेली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तर उपग्रहापर्यंत मजल मारली. पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी बनवलेला जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ बरोबर अवकाशात गेला. एका तुकडीने सुरू केलेले काम पुढच्या तुकड्यांनी वर्षानुवर्षे निभावले, तेव्हा कुठे तो उडाला.

खोडदहून मात्र पुणे ऐंशी किलोमीटर आहे आणि शनिवारच्या व्याख्यानासाठी पहाटेची एसटी पकडावी लागते. म्हणून सगळ्यात उपयोगी पडेल अशी सोय कदाचित कुणाच्या ध्यानीमनी नसलेली आहे. खोडदच्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मागण्याचा मार्ग जगभरच्या संशोधकांना खुला आहे, आणि घेतलेली निरीक्षणे साधारण १८ महिन्यांनी सार्वजनिक होतात. रॅड@होम या नागरी विज्ञान प्रकल्पात २०१३ पासून कॉलेजचे विद्यार्थी घरबसल्या रेडिओ प्रतिमांमध्ये अनोख्या दीर्घिका शोधत आहेत. त्यासाठी पीएचडी लागत नाही. चांगला संगणक, इंटरनेट आणि सुरुवातीचे काही आठवडे हात धरून शिकवणारे माणूस लागते. नारायणगाव, जुन्नर आणि मंचर या तिन्ही ठिकाणी विज्ञान शिकवणारी कॉलेजे आहेत. त्यांच्या भौतिकशास्त्र विभागात अशी एक खोली उभी करायला फार खर्च येत नाही, आणि मार्गदर्शन करू शकणारी माणसे तासाभराच्या अंतरावर, तबकड्यांच्या पायथ्याशी नोकरीला आहेत.