पडद्यावरची खूण

बाजारात आपण खताची गोणी घेतो. गोणीवर चित्र असते. चित्र पाहिले की आपण म्हणतो, "हेच ते खत." अक्षर येत नव्हते, तेव्हाही ही खूण आपल्याला कळत होती.

१९५१-५२ साली देशात पहिली मोठी निवडणूक झाली. पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हतं. मग काय केलं? प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली. पेटीवर चिन्ह लावलं. लोकांनी चिन्ह बघितलं आणि मत टाकलं.

आता तशाच खुणा मोबाईलच्या पडद्यावर आल्या आहेत. २०१६ साली यूपीआय ही पद्धत सुरू झाली. एका बँकेतले पैसे दुसऱ्या बँकेत फोनवरून लगेच जातात. त्यासाठी फोनमध्ये ॲप लागते. प्रत्येक ॲपचे नाव, रंग आणि खूण ठरलेली असते. भीम हे असेच एक ॲप.

हा पडदा आपोआप तयार होत नाही बरे! घर बांधताना दार कुठे, खिडकी कुठे, हे आधी ठरवतात. तसेच पडदा आखणारे लोक ठरवतात. बटण कुठे ठेवायचे? अक्षर केवढे काढायचे? आधी काय विचारायचे? रुपयाचे ₹ हे चिन्हच बघा. ते डी. उदय कुमार यांनी काढले. २०१० साली सरकारने ते मान्य केले. त्यात आपला 'र' आहे आणि इंग्रजी 'आर'ही आहे. म्हणून ते सगळीकडे चालते.

पैसे पाठवण्याच्या पडद्यावर पायऱ्या असतात. पैसे कुणाला? किती? शेवटी पिन. पिन म्हणजे ४ किंवा ६ आकडे. ही आपल्या खात्याची किल्ली. ती कुणाला सांगायची नाही.

इथेच भामटा टपून बसतो. तो फोन करतो, "काकू, तुमचे २००० रुपये आले आहेत. पिन दाबा, म्हणजे मिळतील." पडद्यावर ओळखीचा रंग, ओळखीची खूण! काकूंना खरे वाटते. पण खोट्या बियाण्याच्या पिशवीवरही चांगली खूण छापता येते. तसेच हे.

एक गोष्ट गाठीला बांधा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे द्यायला लागतो. घेण्यासाठी कुणी पिन मागितला, तर तो तुमचे पैसे काढतो आहे.

म्हणून नुसती खूण बघून बोट लावू नका. आता तुम्हाला वाचता येतं. नाव वाचा. रक्कम वाचा. बटणावरचा शब्द वाचा. घाई कुणी केली, तरी आपण करू नये.

आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा. बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

खूण वाट दाखवते. पण पाऊल टाकायचे ते वाचूनच!