छायालेखक जोसेफ विर्शिंग

बोलपट पाहून परतणाऱ्या प्रेक्षकाच्या ओठांवर नटनटींचीं नांवें असतात, गाण्यांच्या चाली असतात. परंतु ज्या प्रकाशांत त्यानें ते चेहरे पाहिले तो कोणीं रचला, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. वस्तुतः चित्रपट म्हणजे पडद्यावर उमटलेली छायाप्रकाशाची रचनाच होय. आपल्याकडे ही विद्या ज्यांनीं पद्धतशीरपणें रुजविली, त्यांमध्यें एका परदेशीय गृहस्थांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. ते म्हणजे 'बॉम्बे टॉकीज'चे जर्मन छायालेखक जोसेफ विर्शिंग.

विर्शिंग यांचा जन्म १९०३ सालीं म्यूनिक शहरीं झाला. तेथील 'एमेल्का' या चित्रसंस्थेंत ते काम करीत असतां हिमांशु राय यांनीं तिच्या सहकार्यानें बुद्धचरित्रावर 'प्रेम संन्यास' हा मूकपट काढण्याचें योजिलें. १९२५ मध्यें दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन यांच्याबरोबर जी लहानशी तुकडी हिंदुस्थानांत आली, तींत तरुण विर्शिंग होते. या चित्रपटासाठीं ना स्टुडिओ होता, ना विजेचे दिवे. सर्व चित्रण खऱ्या वास्तूंत आणि उघड्यावर, सूर्यप्रकाशांत करावयाचें होतें. आपल्याकडील माध्यान्हीचें ऊन छायालेखकाची कठीण परीक्षा घेतें. डोळ्यांच्या खोबणींत आणि नाकाखालीं काळी सावली सांचते, शुभ्र वस्त्राच्या चुण्या दिसेनाशा होतात. अशा वेळीं चकचकीत फळ्यांवर ऊन झेलून तें सावलीच्या बाजूस वळवावें लागतें.

पुढें १९३४ मध्यें हिमांशु राय आणि देविका राणी यांनीं मुंबईजवळ मालाड येथें 'बॉम्बे टॉकीज' स्थापन केली, तेव्हां ओस्टेन व विर्शिंग यांना पुन्हां पाचारण करण्यांत आलें. १९३५ सालीं 'जवानी की हवा', १९३६ सालीं 'अछूत कन्या' आणि मागोमाग 'जीवन प्रभात', 'भाभी', 'कंगन' असे अनेक बोलपट विर्शिंग यांच्या कॅमेऱ्यानें टिपले.

येथें कामाचें स्वरूप अगदीं पालटलें होतें. बाहेरचा आवाज आंत येऊं नये म्हणून बोलपटाचें चित्रण बंदिस्त दालनांत करावें लागे. सूर्य बाहेर राहिला. आंत सकाळ, दुपार, चांदणी रात्र, सर्व कांहीं दिव्यांनींच निर्माण करणें प्राप्त झालें. त्यांतून फिल्म काळी-पांढरी. तांबडी साडी आणि हिरवा पडदा, दोन्ही तिच्यावर सारख्याच करड्या छटेचे उमटण्याचा संभव असे. मग माणूस भिंतीपासून वेगळा दिसावा कसा? छायालेखक तीन दिशांनीं प्रकाश टाकतो. मुख्य दिवा एका बाजूनें चेहऱ्याला उठाव देतो. दुसरा, मंद दिवा समोरच्या बाजूची सावली थोडी सौम्य करतो. तिसरा पाठीमागून केसांवर व खांद्यांवर तेजाची कड काढतो आणि माणूस पार्श्वभूमीपासून सुटा होतो. यांतला दुसरा दिवा कमी केला कीं तोच चेहरा गूढ वाटूं लागतो. वाढविला कीं प्रसन्न. कथेंतील प्रसंग ओळखून हें प्रमाण ठरविणें, हीच छायालेखकाची खरी कला होय.

ओस्टेन यांना हिंदी येत नव्हतें. तथापि प्रकाशाला भाषेची अडचण नसते. विर्शिंग यांच्या हाताखालीं एतद्देशीय तरुण दिवे कोठें ठेवावे, भिंग कोणतें निवडावें हें प्रत्यक्ष कामांतून शिकत गेले. या शिक्षणाचें मोल लवकरच दिसून आलें. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें आणि ब्रिटिश सरकारच्या लेखीं येथील जर्मन मंडळी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. विर्शिंग यांना स्थानबद्ध करण्यांत आलें. ज्या देशांत त्यांनीं आपली कला ओतली, त्याच देशांत युद्धाचीं वर्षें त्यांना छावणींत काढावीं लागलीं. ऐन छत्तिसाव्या वर्षीं, हात पूर्ण तयार झाला असतां, कॅमेरा दूर गेला. १९४० मध्यें हिमांशु रायहि निवर्तले. तरीहि मालाडचे दिवे विझले नाहींत. १९४३ सालीं निघालेल्या आणि कलकत्त्याच्या एका चित्रगृहांत तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या 'किस्मत'चें छायालेखन आर. डी. परींजा यांनीं केलें. गुरु बंदिवासांत होते. विद्या मात्र मोकळी होती.

सुटकेनंतर मायदेशीं परतून तेथेंच स्थायिक होणें विर्शिंग यांना अशक्य नव्हतें. परंतु त्यांनीं पुन्हां मुंबईच आपली मानली. १९४९ सालीं कमाल अमरोही यांच्या 'महल'मध्यें त्यांच्या संयमित प्रकाशाचा कळस दिसतो. पुढें १९६० मध्यें 'दिल अपना और प्रीत पराई' आला. 'पाकीझा'चें, रंगीत आणि रुंद पडद्याचें, कामहि त्यांनीं हातीं घेतलें होतें. परंतु तें रेंगाळलें. १९६७ सालीं मुंबईस विर्शिंग यांचें देहावसान झालें. इतर छायालेखकांनीं उरलेला भाग पुरा केला आणि १९७२ सालीं तो चित्रपट झळकला, तेव्हां त्याचा प्रमुख छायालेखक हयात नव्हता.

चित्रणाच्या धांदलींतहि विर्शिंग साधीं छायाचित्रें काढीत असत. त्यांच्या वंशजांनीं जपलेल्या या संग्रहाचें प्रदर्शन २०१७ सालीं गोव्यांत भरलें होतें. नटनटींबरोबरच दिवे धरणारे, कॅमेरा ढकलणारे कामगारहि त्यांत दिसतात. पुढें कधीं 'महल' पाहण्याचा योग आला, तर कथानकावरून क्षणभर लक्ष काढून नायिकेच्या चेहऱ्याची कोणती बाजू अंधारांत ठेवली आहे तें अवश्य पाहावें. न दाखविलेल्या त्या अर्ध्या चेहऱ्यानेंच प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो.