सुटीतील गणित : पेढीवरचा अर्धा तास

वार्षिक परीक्षा संपली की सहावी ते आठवीतील मुलांच्या दप्तराबरोबर गणितही माळ्यावर जाते. काही पालक ते तसेच राहू देतात, तर काही जाडजूड सरावपुस्तके आणून रोज पन्नास उदाहरणांचा धाक घालतात. जूनमध्ये दोन्हींकडची मुले गणिताला बिचकतातच. वास्तविक व्यापारी घरातील मुलाला सुटीत गणित शोधायला लांब जावे लागत नाही. पावकी, निमकी, दिडकी, औटकी मुखोद्गत असलेले आजोबा साडेतीन वार कापडाची किंमत तोंडी सांगत. ती परंपरा नातवापर्यंत पोहोचवायला पेढीवरचा रोजचा अर्धा तास पुरेसा आहे.

पहिल्या दिवशी त्याच्या हाती एक बिल द्यावे. १८ टक्के जीएसटी धरून रक्कम ११८० रुपये. तर मूळ किंमत किती? बहुतेक मुले ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे वजा करतात. लगेच चूक सांगू नये. ‘आलेल्या उत्तरावर पुन्हा कर लावून पाहा,’ एवढेच म्हणावे. ११८० येत नाहीत हे पाहून तो स्वतःच थबकेल. कर मूळ किमतीवर लागतो, हे उमजले की ११८० भागिले ११८ गुणिले १००, म्हणजे १००० रुपये, हे उत्तर तो कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी विचारावे : १०० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली, तर हाती ९६ च रुपये का आले? तिसऱ्या दिवशी : ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली, तर नफा २५ टक्के की २० टक्के? खरेदीवर २५, विक्रीवर २०. टक्का कशाचा, हे आधी विचारण्याची सवय लागली की शेकडेवारीचा निम्मा धडा झाला.

अपूर्णांकांसाठी महावीराचार्यांकडे वळावे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, नवव्या शतकात, या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ रचला. १९६३ मध्ये त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती आपल्या सोलापुरातून निघाली. छेदांच्या लसाविला त्यांनी ‘निरुद्ध’ म्हटले आहे. अंश १ असलेल्या अपूर्णांकांची बेरीज १ कशी करावी, याचाही नियम त्यांनी दिला. त्यानुसार १/२, १/३, १/९ आणि १/१८ यांची बेरीज नेमकी १ येते. मुलाने निरुद्ध १८ काढून ती पडताळावी, मग पाच अपूर्णांकांचा असाच संच शोधावा.

या सरावाचे मोल गुणपत्रिकेपुरते नाही. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे कमी-अधिक वजनमाप वापरणे, गणले आहे. हिशेबातील चूक अजाणता झाली तरी नुकसान गिऱ्हाइकाचे किंवा आपले होतेच. ज्याला स्वतःचे उत्तर तपासण्याची सवय आहे, त्याच्या हाती उद्या पेढी निर्धास्त सोपवता येते.

म्हणून या सुटीत मुलाला गल्ल्याजवळ बसवावे, चुकू द्यावे, आणि ती चूक त्याची त्यालाच सापडेपर्यंत थांबावे. मुलीलाही तेथेच, त्याच्या शेजारी बसवावे.