अलिबागेतून ध्रुवाचा माग

सकाळी साडेसात. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत मोजमापाच्या खोलीत शिरण्याआधी खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, पट्टा, सगळं बाहेर, कारण जवळचं लोखंड मापं बिघडवतं. खोलीच्या बांधकामातही लोखंड नाही.

आठ. थिओडोलाइटही अचुंबकीय, दुर्बिणीवर बोटभर सेन्सर. आधी दूरच्या ठरलेल्या खुणेवर दुर्बीण रोखायची. खऱ्या उत्तरेपासून त्या खुणेचा कोन पक्का ठाऊक असतो. मग सेन्सरचा आकडा शून्यावर येईपर्यंत यंत्र अगदी सावकाश फिरवायचं आणि चकतीवरचं रीडिंग लिहायचं. दुर्बीण उलटी करून पुन्हा, तोंड फिरवून पुन्हा. चार रीडिंगांची सरासरी काढली की यंत्राचे स्वतःचे दोष गळून पडतात. मग चुंबकीय बल क्षितिजाखाली किती झुकतं, त्यासाठी आणखी चार. इथे घाई चालत नाही.

साडेनऊ. हिशेब. रात्रंदिवस चालणारी इतर यंत्रं फक्त चढउतार टिपतात. त्यांची बेसलाइन या हाताने घेतलेल्या मापांवरून ठरते.

अकरा. आडवं चुंबकीय बल वाढलेलं. उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतप्रवाह वाहतात, त्यांचा हा रोजचा परिणाम. तो वर्षानुवर्षांच्या नोंदींतून वजा केला, की 2,900 किलोमीटर खोल, वितळलेल्या लोखंडात काय चाललंय ते उरतं. उत्तर चुंबकीय ध्रुव सरकतो तो तिथल्या प्रवाहांमुळे.

एक. डबा.

दोन. नोंदी इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्याकडे. ध्रुव शोधायला पूर्वी तिथवर जावं लागे: 1831 मध्ये दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर चुंबकीय ध्रुवापाशी पोचला होता. आज ध्रुवाची जागा हिशेबाने काढतात. जगभरच्या वेधशाळा आणि स्वार्म उपग्रह माप पुरवतात. ध्रुव सायबेरियाकडे चाललाय. 1990 नंतर त्याचा वेग वर्षाला 50 किलोमीटरच्या वर गेला, आता तो 35 च्या आसपास आहे. जहाजं-विमानांना लागणारं जागतिक चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी बदलतात. 2019 मध्ये ते मुदतीआधीच सुधारावं लागलं.

चार. जुन्या नोंदी पाहायच्या. मुंबईच्या कुलाब्यात 1841 पासून मोजमाप सुरू होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मापं बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत काम अलिबागला आलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून मालिका तुटली नाही. मला या दोन वर्षांचं फार मोल वाटतं. इथली मापंही बिघडू लागली, तर आज असं दुसरं ठिकाण शोधणं सोपं नाही.

म्हणून अलिबागकरांना आणि इथे येणाऱ्यांना विनंती आहे: वेधशाळेच्या कुंपणालगत गाडी लावू नका, लोखंडी सामान टाकू नका.