पाण्याचा हिशेब मांडणारे ‘हेडमास्तर’

शेतकरी बंधूंनो, कालव्याचं पाणी शेवटच्या चारीला का पोचत नाही, हा सवाल तुम्ही दरसाल विचारता. पाण्याचाच सवाल धरून एका माणसानं उभं राजकारण केलं. ते म्हणजे नांदेडचे शंकरराव चव्हाण.

जन्म १४ जुलै १९२०, पैठणचा. वकिली शिकले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले, नांदेडचे नगराध्यक्ष झाले. पुढे पाटबंधारे खातं हाती आलं अन् गोदावरीचं पाणी मराठवाड्यात अडवायचंच, असा ध्यास त्यांनी घेतला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. १०२ टीएमसीचा हा नाथसागर त्यांच्या जन्मगावीच उभा आहे. नांदेडजवळचा विष्णुपुरी उपसा प्रकल्पही त्यांच्याच खटपटीचा.

कडक शिस्तीपायी लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. १९८६ ला दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले अन् आठमाही पाण्याचं धोरण त्यांनी लावून धरलं. हिशेब साधा होता. उसाला बारमाही पाणी लागतं; तेवढ्याच पाण्यात खरीप-रब्बीचं कितीतरी जास्त रान भिजतं. मग मोजक्यांना बारा महिने देण्यापेक्षा पुष्कळांना आठ महिने द्या. ऊसवाल्या पुढाऱ्यांना हे रुचलं नाही. शंकरराव पुढं दिल्लीत अर्थमंत्री, गृहमंत्री झाले. इकडं आठमाहीचा अंमल ढिलाच राहिला. २६ फेब्रुवारी २००४ ला ते गेले.

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं अन् लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाऊस कमी होता, हे खरंच. पण दुष्काळी खोऱ्यात ऊस किती लावायचा, हा जुना सवाल तेव्हा पुन्हा चव्हाट्यावर आला.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थेला पाणी मोजून घ्यायचा हक्क दिला आहे. तुमच्या गावची संस्था नुसती कागदावर आहे का, ते एकदा बघा. पाळी ठरवायच्या बैठकीला टेलच्या शेतकऱ्याला आवर्जून बोलवा; त्याचं रान भिजलं का, हे आधी विचारा. धरणं बांधून झाली, वाटणी मात्र आपल्यालाच नीट करावी लागणार आहे.