जुन्या मोटारीतील ध्वनिवर्धकाची निवड



धान्याच्या घाऊक व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्याने मोटारीतील ध्वनिवर्धकांविषयी लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलोपार्जित जुनी मोटार अद्याप जपलेली आहे. तिच्यातील स्पीकर बदलताना मला जी ठेच लागली, ती इतरांस लागू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची अँबॅसडर वडिलांनी 1988 साली घेतली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी 2014 पासून बनत नाही. म्हणून तिची हानी झाल्यास ती भरून येणे कठीण. 2019 साली आम्ही सहकुटुंब महेश्वरास निघालो असता मानपूरच्या पुढे घाटात रेडिओमागून धूर निघू लागला. मागील आसनावर माझ्या वृद्ध मातोश्री होत्या. बॅटरीची तार तत्काळ काढली म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर या विषयाचा मी नीट अभ्यास केला.

पहिली गोष्ट ओहमची. ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहास होणारा विरोध. मोटारीतील स्पीकर बहुधा 4 ओहमचे, तर घरगुती पुष्कळदा 8 ओहमचे असतात. आमच्या गाडीत दुकानदाराने प्रत्येक बाजूस 4 ओहमचे दोन स्पीकर एकाच तारेवर समांतर जोडले होते. त्यामुळे विरोध निम्मा, म्हणजे 2 ओहम झाला व प्रवाह वाढला. फ्यूज वारंवार उडू लागला, तेव्हा त्याने त्याच्या जागी जाड तार बसविली! फ्यूज हा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्यालाच घालवून दिले, तर चोरास मोकळे रान मिळते. रेडिओवर जितके ओहम लिहिले असतील, त्याहून कमी ओहमचा स्पीकर कदापि जोडू नये.

दुसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर 300 वॅट असे ठळक छापलेले असते. तो आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा होय. आपण बारदानासह वजनाचा भाव देतो काय? निव्वळ वजन पाहतो. त्याचप्रमाणे येथे ‘आर. एम. एस.’ हा आकडा पाहावा. तीच अखंड पेलवणारी शक्ती. रेडिओवर ‘50 वॅट’ छापलेले असले, तरी वेगळा ॲम्प्लिफायर नसता दर स्पीकरला प्रत्यक्षात 15 ते 20 वॅटच मिळतात. मग अवाढव्य स्पीकर घेऊन पैसे वाया का दवडावेत?

त्याऐवजी संवेदनक्षमता पाहावी. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. दर 3 डेसिबलमागे लागणारी शक्ती निम्मी होते. म्हणजे 92 डेसिबलचा स्पीकर 15 वॅटमध्ये जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी 86 डेसिबलच्या स्पीकरला 60 वॅट लागतील. जुन्या गाडीस पहिलाच योग्य.

तिसरी गोष्ट मापाची. जुना स्पीकर काढून त्याची रुंदी, स्क्रूच्या भोकांतील अंतर आणि खोली ही तिन्ही मापे घ्यावीत. दारात बसवावयाचा असल्यास काच पूर्ण खाली करून मगच खोली मोजावी. नाहीतर स्पीकरचे लोहचुंबक काचेस अडते. जुन्या गाडीचा पत्रा कापू देऊ नये. मागील आसनामागच्या फळीवर 6 बाय 9 इंचांचे अंडाकृती स्पीकर बसविणार असल्यास ते घट्ट आवळावेत.

कित्येकदा जुना स्पीकर मुळात बिघडलेला नसतो. शंकूभोवतीची फोमची कड उन्हाने व दमटपणाने कुजलेली असते, म्हणून आवाज फाटतो. कुशल कारागीर ती कड बदलून देतो. नवा घ्यावयाचा झाल्यास रबरी कडेचा घ्यावा; ती अधिक टिकते.

आता तारांविषयी. पुष्कळ जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार गाडीच्या पत्र्यास जोडलेली असे. नव्या रेडिओस ही रचना चालत नाही. तो जळण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा ओढाव्यात. धन व ऋण टोके उलटसुलट झाल्यास दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध चालतात व खर्जाचा स्वर नाहीसा होतो. तपासणी सोपी आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धनास धन लागले असता शंकू बाहेर सरकतो.

शेवटी, खरेदीपूर्वी वानगी पाहिल्याविना आपण गहू घेत नाही. तद्वत स्पीकरही ऐकूनच घ्यावा. परिचित गीत लावावे, प्रथम मंद व नंतर मोठ्या आवाजात. शब्द स्पष्ट उमटतात की नाही, हे पाहावे. नुसत्या धडधडाटाने भुलू नये. आणि रस्त्यावर आवाज इतकाच ठेवावा की मागील वाहनाचा भोंगा ऐकू येईल.

आमच्या गाडीत आता मागे दोनच साधे स्पीकर आहेत, आणि फ्यूज आपल्या जागी आहे. 1955 साली सुरू झालेले आकाशवाणीचे इंदूर केंद्र लावले की मातोश्री म्हणतात, “आता प्रत्येक शब्द कळतो रे.” याहून अधिक नफा मी या व्यवहारात अपेक्षिला नव्हता.